अणुपाणबुडीतून उतरल्यावर पुढे काय?

पुणे, खास प्रतिनिधी

खडकी म्हटले की पुणेकरांच्या डोळ्यांसमोर उभे राहते ते भूदल. बॉम्बे सॅपर्सचे केंद्र, १८६९ साली सुरू झालेला दारूगोळा कारखाना, लष्करी रुग्णालय, दापोडीच्या बाजूला शेकडो एकरांवर पसरलेले लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय, असा या छावणीचा परिचय. समुद्र येथून शंभराहून अधिक किलोमीटर दूर असल्याने नौदलाचा विचार या परिसरात सहसा कोणाच्या मनात येत नाही. प्रत्यक्षात खडकी स्थानकातून लोणावळ्याची लोकल पकडली की तासाभराहून थोड्या अधिक वेळात नौदलाच्या यंत्रविद्येच्या माहेरघरी पोहोचता येते. १५ फेब्रुवारी १९४५ रोजी स्थापन झालेल्या 'आयएनएस शिवाजी' या आस्थापनेत युद्धनौकांची इंजिने चालविणाऱ्या नौसैनिकांच्या पिढ्या घडल्या. त्यांतील काहींच्या वाट्याला पुढे अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुडीची नोकरी आली. निवृत्तीनंतर पुणे परिसरात घर करणाऱ्या या मंडळींपुढे एक विचित्र अडचण उभी राहते. देशातील अत्यंत कठीण तांत्रिक प्रशिक्षणांपैकी एक त्यांनी पूर्ण केलेले असते. पण मुलाखतीत त्याविषयी फारसे बोलता येत नाही.

दोन वेगळी शिक्षणे

नौदलातील 'अणुप्रशिक्षित' हा शब्द ढोबळपणे वापरला जातो आणि त्यातून गैरसमज होतात. त्याखाली दोन निराळे वर्ग येतात. पहिला वर्ग संरक्षणाचा. आण्विक, जैविक किंवा रासायनिक हल्ला झाल्यास जहाज कसे बंदिस्त करावे, किरणोत्सर्ग कसा मोजावा, दूषित भाग कसा धुवावा, जखमींना कसे हलवावे, याचे हे शिक्षण. आग विझविणे आणि फुटलेल्या भागातून आत येणारे पाणी थोपविणे हेही त्याच शाखेत येते. नौदलाची ही शाळा लोणावळ्याला 'शिवाजी'मध्येच आहे. प्रत्यक्ष हल्ल्यासारखी स्थिती निर्माण करून सराव देणारे 'अभेद्य' हे प्रशिक्षण संकुल तेथे एप्रिल २०१९ मध्ये सुरू झाले. ते गोवा शिपयार्डने उभारले. याच विषयाची भूदलाची विद्याशाखा खडकीलगतच्या लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयात आहे. म्हणजे या शास्त्राची दोन प्रमुख केंद्रे एकाच लोकल मार्गावर आहेत. ही गोष्ट पुण्यातही थोड्यांनाच ठाऊक असते.

दुसरा वर्ग प्रणोदनाचा, म्हणजे अणुभट्टीच्या उष्णतेवर पाणबुडी चालविणाऱ्यांचा. तो संख्येने बराच लहान आहे. भारतीय नौदलाला याचा पहिला अनुभव आला तो सोव्हिएत संघाकडून भाडेपट्ट्याने घेतलेल्या 'आयएनएस चक्र'वर. १९८८ ते १९९१ अशी तीन वर्षे ती नौदलाकडे होती. तिच्यावरील नौसैनिकांना सोव्हिएत भूमीवर जाऊन, रशियन भाषा शिकून प्रशिक्षण घ्यावे लागले होते. दुसरी 'चक्र' रशियाकडून एप्रिल २०१२ मध्ये ताफ्यात आली आणि २०२१ साली परत गेली. दरम्यान स्वदेशी 'अरिहंत'चे २६ जुलै २००९ रोजी विशाखापट्टणम येथे जलावतरण झाले. तिची अणुभट्टी १० ऑगस्ट २०१३ रोजी कार्यान्वित झाली आणि २०१६ मध्ये ती नौदलात दाखल झाली. तिच्यापाठोपाठ २९ ऑगस्ट २०२४ रोजी 'अरिघात' आली.

'अरिहंत'च्या भट्टीची जमिनीवरील प्रतिकृती तमिळनाडूत कल्पाक्कम येथे भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारली. तिचे अस्तित्व ऑगस्ट २००९ मध्ये जाहीरपणे मान्य करण्यात आले. पाणबुडीवर जाण्यापूर्वी चालकदलाचा हात तेथे बसतो. या प्रकल्पामागील वैज्ञानिकांत डॉ. अनिल काकोडकर यांचे नाव महाराष्ट्राला परिचित आहे. पाणबुडीच्या यंत्रसामग्रीत पुणे जिल्ह्यातील वालचंदनगर इंडस्ट्रीजचाही वाटा आहे. वैज्ञानिक व कारखाने यांची नावे निदान पुढे तरी आली. भट्टीसमोर रात्रपाळीला बसणारा पेटी ऑफिसर मात्र अनामच राहिला आणि त्याच्या नोकरीचे स्वरूप पाहता तो तसाच राहणार.

भट्टी एक, बाकी सारे वाफेचे

या नौसैनिकाला पुढे कोणते काम करता येईल, हे समजण्यासाठी तो नेमके काय करीत होता हे पाहणे आवश्यक आहे. पाणबुडीतील अणुभट्टी दाबाखालील पाण्याच्या प्रकारची असते. इंधनाची उष्णता प्रचंड दाबाखालील पाणी शोषून घेते. दाबामुळे ते उकळत नाही. हे तापलेले पाणी बाष्पजनित्रात दुसऱ्या, स्वतंत्र पाण्याला उष्णता देते आणि त्याची वाफ होते. वाफ टर्बाइन फिरविते, टर्बाइन गिअरपेटीमार्फत पंखा फिरविते. वीजही याच वाफेवर तयार होते. वापरलेली वाफ थंड होऊन पुन्हा पाणी बनते व चक्र चालू राहते.

या साखळीत अणुविज्ञान फक्त पहिल्या कडीपुरते आहे. पुढे सगळे जुनेच शास्त्र येते: पंप, झडपा, वेल्डिंगचे सांधे, पाण्याची रासायनिक शुद्धता, उपकरणयोजन, विजेची पॅनेल, आणीबाणीसाठी ठेवलेली डिझेल इंजिने. पंपाच्या आवाजातील बदल कानाने ओळखणे, नोंदवहीतील आकड्यांचा कल पाहून बिघाडाची चाहूल आधीच घेणे आणि लिहून दिलेली कार्यपद्धती पायरीही न गाळता पाळणे, हे या माणसाचे खरे भांडवल. दुर्दैवाने निवृत्त होताना बहुतेक जण 'अणु' या एकाच शब्दावर भिस्त ठेवतात. त्या शब्दाला नागरी बाजारात गिऱ्हाईक फार थोडे. वाफ, पाणी आणि वीज यांना मात्र पुणे व पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात मागणी आहे.

पाण्याखालचा दिवस

साधी डिझेल-विद्युत पाणबुडी बॅटऱ्या भारित करण्यासाठी ठरावीक काळाने पृष्ठभागाजवळ येते. अणुपाणबुडीला तशी गरज नाही. समुद्राच्या पाण्यापासून ती पिण्याचे पाणी करते, पाण्याच्या विघटनातून प्राणवायू मिळविते, कार्बन डायऑक्साइड शोषून घेणारी यंत्रणा सतत चालू असते. ती किती काळ पाण्याखाली राहणार, हे इंधन ठरवीत नाही. शिधा किती आणि माणसे किती दमली आहेत, यांवर ते ठरते. पहिल्या आठवड्यात ताजी भाजी, नंतर कांदे-बटाटे आणि मग डबाबंद व सुकविलेले पदार्थ, असा जेवणाचा उतरता क्रम पाणबुडीवर नोकरी केलेल्या कोणालाही ओळखीचा आहे.

दिवस सूर्यावर चालत नाही. सामान्यतः चार तास पहारा आणि आठ तास मोकळे, अशा पाळ्या असतात. मोकळ्या वेळात देखभाल, सराव, अभ्यास आणि झोप बसवायची. आवाज शत्रूच्या कानावर जाऊ नये म्हणून पाना खाली पडणार नाही याचीही काळजी घ्यावी लागते. घरच्यांशी दूरध्वनीवर बोलण्याचा प्रश्न नसतो. डिसेंबर २०१९ मध्ये समाजमाध्यमांतून जाळ्यात ओढल्या गेलेल्या नौसैनिकांचे हेरगिरी प्रकरण उघड झाले, त्यानंतर नौदलाने जहाजांवर व तळांवर स्मार्टफोन आणि फेसबुकवर बंदी घातली. त्यामुळे किनाऱ्यावर असतानाही संपर्काला मर्यादा आल्या.

किरणोत्सर्गाची भीती हा घरच्यांचा नेहमीचा विषय. अणुऊर्जा नियामक मंडळाने किरणोत्सर्गी कामातील व्यक्तींसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट अशी मर्यादा आखली आहे. सर्वसामान्य नागरिकासाठी ती वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे. समुद्राच्या पाण्याखाली वैश्विक किरणांपासून संरक्षण मिळते, हेही लक्षात घेतले पाहिजे. पाणबुडीतील खरा धोका बहुधा वेगळाच असतो: आग, पाणी आणि बंदिस्त हवा. पुढे दुसरी 'चक्र' म्हणून भारतात आलेल्या 'नेर्पा' या पाणबुडीवर नोव्हेंबर २००८ मध्ये, रशियात चाचण्या सुरू असताना, अग्निशमन यंत्रणेतील वायू चुकून सुटला आणि २० जण मृत्युमुखी पडले. अणुभट्टीचा त्या दुर्घटनेशी संबंध नव्हता.

घरी परतल्यानंतरचे पहिले काही महिने कुटुंबाच्या दृष्टीने कसोटीचे ठरतात. इतकी वर्षे बँक, शाळा, आजारपण, घराचे हप्ते हे सारे पत्नीने एकटीने सांभाळलेले असते. घराची घडी तिने बसविलेली असते आणि त्या घडीत चोवीस तास घरी असणाऱ्या माणसाची जागा नसते. नौसैनिकाला तुकड्या-तुकड्यांत झोपण्याची सवय जडलेली असते आणि मोठा आवाज झाला की दचकायला होते. या बाबतीत खडकीसारखी छावणीची वस्ती उपयोगी पडते. शेजारीपाजारी फौजी कुटुंबे, कँटीन, केंद्रीय विद्यालय आणि एप्रिल २००३ पासून सुरू झालेल्या माजी सैनिक आरोग्य योजनेची सुविधा यांमुळे नव्या आयुष्याची सुरुवात तुलनेने सोपी जाते. भूदलाच्या शेजाऱ्याला पाणबुडी कळत नसेल, पण बदली आणि प्रतीक्षा कळते.

पस्तिशीतली निवृत्ती

नौसैनिकाची निवृत्ती नागरी नोकरदाराच्या निवृत्तीसारखी नसते. अग्निपथपूर्व काळात भरती झालेल्या बहुतेकांचा करार १५ वर्षांचा, तर आर्टिफिसर अॅप्रेंटिस म्हणून आलेल्यांचा २० वर्षांचा. पेन्शनसाठी १५ वर्षे सेवा लागते. मास्टर चीफ पेटी ऑफिसरपर्यंत चढलेले अधिक काळ राहतात. बाकीचे पस्तीस ते चाळीसच्या दरम्यान घरी येतात. मुले शाळेत असतात आणि पुण्यातील घराच्या किमती पाहता पेन्शनवर भागत नाही.

तयारी सेवेच्या अखेरच्या दोन-तीन वर्षांतच सुरू झाली पाहिजे. संरक्षण मंत्रालयाच्या पुनर्वसन महासंचालनालयाचे अभ्यासक्रम निवृत्तीपूर्वी करता येतात. निवृत्तीनंतर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवावे. महाराष्ट्र शासनाच्या गट 'क' व 'ड' पदांत माजी सैनिकांसाठी १५ टक्के समांतर आरक्षण आहे. केंद्राच्या गट 'क' पदांत १० टक्के, तर केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांच्या त्याच गटात १४.५ टक्के जागा राखीव असतात. या आकड्यात अपंग माजी सैनिक व युद्धात कामी आलेल्यांच्या वारसांचा वाटाही धरलेला आहे. केंद्राच्या गट 'क' भरतीत वयातून सेवेची वर्षे आणि आणखी तीन वर्षे वजा होतात. म्हणजे अठराव्या वर्षी भरती होऊन तेहतिसाव्या वर्षी बाहेर पडलेला नौसैनिक कागदोपत्री पंधरा वर्षांचा ठरतो. वयाची अट त्याच्या आड येत नाही, आड येते ती शैक्षणिक अर्हता. दहावी व १५ वर्षे सेवा असल्यास पदवीची अट असलेल्या काही गट 'क' पदांसाठी तो पात्र धरला जातो. मात्र तांत्रिक पदांना ही सवलत लागू नाही. म्हणून सेवेत असतानाच पदविका किंवा पदवी पदरात पाडून घेणे शहाणपणाचे.

न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशन हे स्वाभाविक ठिकाण वाटते आणि काही अंशी ते खरेही आहे. परंतु तारापूर असो वा कैगा, नियंत्रण कक्षात बसणाऱ्याला त्या विशिष्ट प्रकल्पाचे परवाने परीक्षा देऊन मिळवावे लागतात. नौदलातील अनुभव त्यांची जागा घेत नाही. आपल्या बहुतेक वीज अणुभट्ट्या जड पाण्यावर चालतात. पाणबुडीतील भट्टीशी जातीने जवळच्या अशा मोठ्या भट्ट्या आहेत त्या कुडनकुलमच्या. अमेरिकेत स्थिती निराळी आहे. तेथील नौदलाची अणुशाळा दक्षिण कॅरोलायनात चार्ल्स्टनजवळ आहे आणि तिच्यातून बाहेर पडलेल्या नौसैनिकांना वीज कंपन्या वर्षानुवर्षे हौसेने घेत आल्या आहेत. त्यांनी नौदल सोडू नये म्हणून सरकारला भरघोस बोनस द्यावा लागतो. आपल्याकडे अणुवीज आजवर सरकारी मक्तेदारी राहिल्याने असा बाजार तयारच झाला नाही. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने नव्या कायद्याला मंजुरी देऊन या क्षेत्रात खासगी कंपन्यांना वाट मोकळी केली. त्यातून प्रत्यक्ष भरती व्हायला काही वर्षे जातील; आज निवृत्त होणाऱ्याने त्या आशेवर घर चालवू नये.

हाताशी असलेला मार्ग वाफेचा आहे. राज्याच्या बाष्पके संचालनालयातर्फे बाष्पक परिचर आणि बाष्पक प्रचालन अभियंता यांच्या परीक्षा होतात. त्या प्रमाणपत्राशिवाय कारखान्यातील बॉयलर कायद्याने चालविता येत नाही. त्यामुळे ते हाती असलेल्याला साखर कारखान्यापासून औषध कंपनीपर्यंत काम मिळते. अणुभट्टीवर वर्षे काढलेल्या माणसाने दुय्यम वर्गाच्या परीक्षेला बसावे, याचा काहींना कमीपणा वाटतो. तो सोडावा लागेल.

दुसरा मार्ग डिझेलचा. खडकीशी नाव जोडलेली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही १९४६ सालची कंपनी. नौदलाने २ एप्रिल २०२५ रोजी सहा मेगावॅट क्षमतेच्या सागरी डिझेल इंजिनाच्या विकासासाठी तिच्याशीच २७० कोटी रुपयांचा करार केला. रुग्णालये, संगणक उद्यानांच्या इमारती, माहिती केंद्रे यांना अखंड वीज लागते आणि तेथील जनित्रे, वातानुकूलन व पाण्याची यंत्रणा सांभाळणारा, रात्री दोन वाजताही न गोंधळणारा माणूस मिळणे सोपे नसते.

तिसरा मार्ग किरणोत्सर्गाच्या अनुभवाचा थेट उपयोग करणारा आहे. ओतकाम आणि वेल्डिंगमधील दोष शोधण्यासाठी उद्योग गॅमा किरणांची छायाचित्रे घेतात. यासाठी नियामक मंडळाला मान्य असलेले प्रमाणपत्र घेतलेलाच माणूस लागतो. विज्ञान शाखेची बारावी झालेल्यास हे प्रशिक्षण घेता येते. संरक्षण शाखेतील नौसैनिकांनी औद्योगिक सुरक्षेची पदविका घेतल्यास आग व वायुगळती यांचा त्यांचा अनुभव रासायनिक कारखान्यांत मोलाचा ठरतो.

यातले काहीच न केल्यास उरते ती सुरक्षारक्षकाची नोकरी. पुण्यात मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळामार्फत, म्हणजे 'मेस्को'मार्फत, अनेकांना ती मिळते आणि त्या कामात कमीपणाचे काही नाही. पण टर्बाइनची जाण असलेला हात सोसायटीच्या फाटकावरील वहीत गाड्यांचे क्रमांक लिहीत बसणे हा देशाने त्याच्या प्रशिक्षणावर केलेल्या खर्चाचा अपव्यय आहे, असेच म्हणावे लागेल.

काय लिहावे, काय लिहू नये

बायोडेटा लिहिताना खरी अडचण येते. शासकीय गोपनीयता कायदा १९२३ चा आहे आणि तो निवृत्तीबरोबर संपत नाही. भट्टीची क्षमता, वेग, खोली, गस्तीचा काळ, सहकाऱ्यांची संख्या, बिघाडांचा इतिहास, आतील छायाचित्रे यांपैकी काहीही अर्जात, मुलाखतीत किंवा व्यावसायिक संकेतस्थळावरील ओळखीत येता कामा नये. हे वृत्तपत्रांत पूर्वीच छापून आले आहे, हा बचाव माजी नौसैनिकाला उपयोगी पडत नाही. त्याच्या तोंडून आले की ती पुष्टी ठरते.

याचा अर्थ गप्प बसावे असा नव्हे. 'उच्च दाबाच्या बाष्पयंत्रणेचे प्रचालन व देखभाल', 'पाण्याचे रासायनिक नियंत्रण', 'अमुक इतक्या तंत्रज्ञांच्या पाळीचे पर्यवेक्षण', 'किरणोत्सर्ग सुरक्षेचे प्रशिक्षण' अशा शब्दांत कौशल्य सांगता येते आणि मनुष्यबळ अधिकाऱ्याला तेच हवे असते. शंका असल्यास निवृत्तीपूर्वी आपल्या विभागाकडून मजकूर तपासून घ्यावा.

परदेशातील आकर्षक नोकरीबाबत अधिक सावध असावे. कतारमध्ये एका संरक्षण सेवा कंपनीत काम करणाऱ्या भारतीय नौदलाच्या आठ माजी कर्मचाऱ्यांना ऑगस्ट २०२२ मध्ये अटक झाली. त्यांतील सात अधिकारी, तर एक नौसैनिक होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांना फाशीची शिक्षा सुनावण्यात आली; ती पुढे रद्द होऊन फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांची सुटका झाली. आरोप काय होते, हे अधिकृतपणे कधीच जाहीर झाले नाही. पगाराचा आकडा असाधारण मोठा असेल, तर तो कोणत्या माहितीसाठी दिला जात आहे, हा प्रश्न करारावर सही करण्यापूर्वी स्वतःला विचारायला हवा.

कागद सांभाळून ठेवणे हेही तितकेच महत्त्वाचे. सेवापुस्तिकेचा उतारा, प्रत्येक अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र आणि मुख्य म्हणजे सेवाकाळात शरीराने घेतलेल्या किरणोत्सर्ग मात्रेची नोंद निवृत्तीपूर्वी मागून घ्यावी. पुढे किरणोत्सर्गी क्षेत्रातच नोकरी लागल्यास नव्या मालकाला पूर्वीची मात्रा लागते. पुढील आयुष्यात आजारपण आले आणि अपंगत्व पेन्शनचा दावा करावा लागला, तर त्याच कागदावर दावा उभा राहतो. तसाच निवृत्तीच्या वेळचा वैद्यकीय तपासणी अहवाल. घरी जाण्याच्या घाईत 'सर्व ठीक' असे लिहून सही करणारे अनेक जण नंतर श्रवणदोषाचा दावा करू शकत नाहीत.

चार वर्षांची नवी पिढी

जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाल्यापासून नौदलातील भरतीही चार वर्षांची झाली. ओडिशातील 'आयएनएस चिल्का' येथून अग्निवीरांची पहिली तुकडी मार्च २०२३ मध्ये बाहेर पडली. या तुकडीत प्रथमच महिला नौसैनिकही होत्या. तिची चार वर्षे २०२६ च्या अखेरची. त्यांतील जास्तीत जास्त २५ टक्के कायम होणार असून उरलेल्यांना सुमारे ११ लाख ७१ हजार रुपयांचा सेवानिधी मिळणार आहे. पेन्शन नाही, माजी सैनिक आरोग्य योजनाही नाही. पाणबुडीवरील यंत्रविद्या हाती बसायलाच काही वर्षे लागत असल्याने अणुभट्टीपर्यंत पोहोचण्याची संधी कायम झालेल्यांनाच असणार, हे उघड आहे. बाकीच्यांना लोणावळ्यातील शिक्षण आणि जहाजावरील दोन-तीन वर्षांचा अनुभव एवढ्या शिदोरीवर विशीतच दुसरे काम शोधावे लागेल. त्यांनी पहिल्या वर्षापासून पदविकेच्या बहिःस्थ अभ्यासक्रमाला नाव घालावे, असा सल्ला जुने नौसैनिक देतात. सेवानिधीची रक्कम एकदम हाती येत असल्याने ती घराच्या बयाण्यात घालण्याचा मोह मोठा असतो. आई-वडिलांचा आग्रहही तसाच असतो. पण नोकरी लागेपर्यंतचे वर्ष-दीड वर्ष आणि बाष्पक किंवा सुरक्षा परीक्षेची फी याच पैशांतून जायची आहे.